किटलीला आलेला ताप

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला वीस माणसं जमवताना सेक्रेटरींच्या तोंडाला फेस येतो. त्या आठवड्यात मात्र रोज संध्याकाळी हॉलबाहेर चपला काढायलाही जागा नसायची. ऑक्टोबरचा उकाडा, पंखे बंद, दिवे बंद, दोन समया तेवढ्या तेवत असलेल्या, आणि दाटीवाटीने घाम पुसत बसलेली माणसं. सगळी एका किड्याचं ऐकायला आली होती.

किडा म्हणजे साधा रातकिडा. मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना खरं तर त्याचं अप्रूप वाटू नये. खिडकी उघडली की हजार ऐकू येतात. पण हा सहदेवबुवांच्या नळकांड्यातला होता. वीतभर बांबूचं पेर, त्याला बारीक भोकं, वर काळं फडकं. बुवा सांगत, हा त्यांच्या गावच्या देवराईत पाषाणामागे जन्मला आणि कौल द्यायचं काम देवाने आता याच्यावर सोपवलं आहे.

आमच्या इमारतीत अर्ध्याहून जास्त घरं कोकणातली, गिरणीत कामाला आलेल्यांच्या मुलानातवंडांची. गाव सुटलं, कौल सुटलेला नाही. लग्न जमवायचं असो की जागा घ्यायची, गावी फोन जातो, तिथे देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावतात आणि कोणत्या बाजूची आधी पडते ते इकडे कळवतात. तोच कौल लिफ्टने खाली उतरून मिळत असेल, तर कोण सोडणार? त्यात यंदा घरोघरी तापाचे रुग्ण. बुवा नेमका तापाचाच कौल देत होते.

पद्धत ठरलेली. आजारी माणसाने घोंगडी पांघरायची, नळकांडं दोन्ही तळव्यांत धरून छातीशी घ्यायचं. सुरुवातीला किडा गप्प असे. मग बुवा म्हणत, "देव इचार करता." थोड्या वेळाने किरकिर सुरू होई आणि हळूहळू तिचा वेग वाढे. गर्दीत कुजबुज सुरू व्हायची, ताप किड्यात शिरला. मग बुवा नळकांडं उचलून झाकण लावलेल्या एका तांब्याच्या कलशावर ठेवत आणि गाऱ्हाणं सुरू करत.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या आंगात जो काय ताप घुसलो असात, तो ह्या जीवान आपल्या आंगार घेतल्यान. तो आता तुझ्या पायाशी निवव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळा हॉल म्हणे.

गाऱ्हाणं लांबत जाई. गावचे बारा देव, वाडीचे राखणदार, पूर्वज, वेशीवरचा म्हातारा, प्रत्येकाला हाक आणि प्रत्येक हाकेला "होय म्हाराजा". ते संपेपर्यंत किड्याची किरकिर इतकी मंदावलेली असे, की दोन आवाजांच्या मधली शांतता स्पष्ट ऐकू यावी. ताप निवला. पुढचा.

मी पहिल्या संध्याकाळी मागच्या भिंतीला टेकून हे पाहिलं. मी ज्युनियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. किड्याचा वेग का वाढतो हे मला बसल्या जागी कळलं होतं. तो मंदावतो कसा, ते कळेना. मग कलशाकडे लक्ष गेलं. कलशाला बाहेरून घाम आला होता. टपोरे थेंब ओघळत होते आणि बायका पुढे होऊन पदराने टिपून ते कपाळाला लावत होत्या. देवाचा घाम म्हणत होत्या त्याला. शेजारच्या जानकीकाकींनी माझ्याही कपाळाला ओलं बोट लावलं. "बघ गो शीतल, कसो गारेगार हा. देवाचोच हात."

हात नक्कीच कुणाचा तरी होता.

जानकीकाकी आणि मी एकाच मजल्यावर, समोरासमोर. त्यांचे यजमान बोटीवर नोकरीला. घरात त्या आणि जान्हवी, माझी जुनी विद्यार्थिनी. जान्हवीला सणकून ताप होता, डोळे फिरवले तरी दुखत होते. मी रक्त तपासायला सांगितलं होतं. काकी तयारही झाल्या होत्या. मग बुवा आले आणि म्हणाले, कौल चालू असताना अंगाला सुई टोचली तर देव हात काढून घेतो. काकींनी तपासणी रद्द केली.

मी पुन्हा समजावायला गेले, तेव्हा दारात सेक्रेटरी श्यामसुंदर सामंत उभे होते. बुवांचा मुक्काम त्यांच्याकडेच होता. सामंतकाका बी.एस्सी. आहेत आणि ते विसरू देत नाहीत. त्यांनी मोबाइल काढून मला एक फॉरवर्ड वाचून दाखवलं. रातकिड्याच्या आवाजावरून तापमान सांगता येतं हे शंभर वर्षांपूर्वीच अमेरिकेत सिद्ध झालं आहे, आपल्या पूर्वजांना ते आधीच ठाऊक होतं, वगैरे.

"पहिला भाग खरा आहे काका," मी म्हटलं. "पण ते हवेचं तापमान. माणसाच्या आजाराचं नाही."

त्यावर ते हसले. जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमच्यात देव मानत नाहीत, ठीक आहे. आमच्यात ढवळाढवळ कशाला?"

आमच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे, हे त्यांनी असं सांगितलं. जानकीकाकींनी मान खाली घातली, पण दार लोटून घेतलं.

दोन दिवसांनी जान्हवीचा ताप उतरला. हॉलमध्ये बुवांच्या पायांशी नारळांचा ढीग झाला. काकींनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. माझ्याकडे पेढा द्यायला आल्या तेव्हा मी जान्हवी कशी आहे ते विचारलं. म्हणाल्या, ताप अजिबात नाही, फक्त पोटात खूप दुखतंय, सारखी उलटी होतेय, आणि दात घासताना हिरड्यांतून जरा रक्त आलं. बुवा म्हणाले, विष बाहेर पडतंय.

पेढा माझ्या हातातच राहिला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये चला. त्या म्हणाल्या, संध्याकाळी नवस फेडायचा आहे, शेवटचं गाऱ्हाणं आहे, ते झाल्याशिवाय तिला इमारतीबाहेर नेता येणार नाही. मी आवाज चढवला. त्यांनीही चढवला. समजावून उपयोग नव्हता. काकींचा विश्वास माझ्या शब्दांवर नव्हता, त्या किड्यावर होता. तेव्हा किड्यालाच बोलायला लावणं भाग होतं. गाऱ्हाण्याला तासाभराचाच अवकाश होता.

जान्हवीला आधार देऊन खाली आणलं आणि भिंतीशी बसवलं. तिचे ओठ पांढुरके दिसत होते, हात गार. बुवा फडकं सोडत होते तोच मी पुढे जाऊन बसले आणि म्हटलं, माझाही कौल घ्या.

सामंतकाका उठले, पण बुवांना नास्तिकाचं लोटांगण हवंच होतं. मी सगळ्यांसमोर थर्मामीटर लावला आणि पहिल्या रांगेतल्या माधुरीकाकींना, म्हणजे सामंतांच्या बायकोलाच, वाचायला दिला. ताप नव्हता. मग घोंगडी पांघरून नळकांडं तळव्यांत धरलं. काही वेळ शांतता, मग किरकिर, मग तिचा वेग वाढत वाढत पार इतर रुग्णांच्या वेळी असे तितका.

"बुवा, मला ताप नाही आणि किडा तर धावतोय."

"हो आतलो ताप," बुवा म्हणाले. "देवाक न मानल्याचो. तो काय काचेच्या नळयेक गावता?"

हॉल हसला. बुवांनी नळकांडं घ्यायला हात पुढे केला. मी ते कलशावर ठेवायला दिलं नाही. कोपऱ्यात प्रसादाच्या चहाची मोठी स्टीलची किटली होती, कपड्यात गुंडाळलेली. मी तिच्या कपड्यावर नळकांडं ठेवलं आणि हात मागे घेतला.

किडा गप्प झाला. कुणीतरी मागून म्हणालं, "मारलंन त्याला बाईने." मलाही भीती वाटत होती. रातकिडा दचकला की गप्प बसतो आणि किती वेळ बसेल ते शास्त्र सांगत नाही. भिंतीशी जान्हवीने डोळे मिटले होते.

मग एक किर्र. दुसरी. थोड्या वेळात तो असा सुटला, की एक किर्र संपायच्या आत दुसरी सुरू. बुवांच्या कुठल्याच रुग्णाच्या हातात तो इतका सुसाट ओरडला नव्हता.

मी विचारलं, "बुवा, किटलीला कसला ताप? आतला की बाहेरचा?"

या वेळी हॉल हसला तो बुवांना. बुवा उठून कलश उचलायला लागले. तो सहज उचलला गेला असता तर बरं झालं असतं त्यांचं. ओलसर तांबं हातातून निसटलं, झाकण उडालं आणि फरशीवर पाण्याबरोबर दोन निळ्या, घट्ट गोठलेल्या पिशव्या घसरत आल्या. ऑनलाइन पापलेट मागवलं की डब्यात येतात, तशा.

माधुरीकाकींनी एक उचलून पाहिली. "अहो, ह्यो आमच्या फ्रीजरातल्यो. माशांच्यो. परवापासून शोधतंय मी." मग त्यांनी देवाचा घाम लावलेल्या स्वतःच्या कपाळाला हात लावला. त्या दिवशी सोमवार होता, मासे वर्ज्य असण्याचा.

पुढे मी जे सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. रातकिड्याला आपल्यासारखी अंगची ऊब नसते. भोवतालची हवा तापली की त्याचे पंख भरभर घासले जातात, गार झाली की सावकाश. कुणाच्याही तळहातात तो वेग घेईल, बर्फाजवळ मंदावेल. गाऱ्हाणं लांबवायचं ते देवांसाठी नाही, नळकांडं गार व्हायला वेळ लागतो म्हणून. आणि बर्फाच्या भांड्याला बाहेरून जे सुटतं ते हवेतलं पाणी. उसाच्या रसाच्या ग्लासाला सुटतं तेच.

बुवा म्हणाले, किडा रुसला, कोप होईल. सामंतकाका श्रद्धा आणि विज्ञान या विषयावर काहीतरी बोलू लागले, पण बायको समोरच पिशवी धरून उभी असल्याने वाक्य पुरं झालं नाही.

जानकीकाकी एवढा वेळ किटलीकडे बघत होत्या. त्यांनी एकच विचारलं. "मगे माझ्या चेडवाचो ताप गेलो कसो?"

"तो आपोआपच उतरणार होता काकी. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. पोटात दुखणं, उलट्या, रक्त, ही त्याचीच लक्षणं."

त्यांनी जान्हवीचा हात हातात घेतला. तो किती गार आहे हे त्यांना तेव्हा कळलं असावं. "गाडी बोलव," त्या म्हणाल्या. नवसाचा नारळ तिथेच राहिला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि आमच्याकडे न बघता सलाइन लावायला सांगितलं. डेंग्यूच निघाला. थोडा आणखी उशीर झाला असता तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. जान्हवी वाचली. बुवा त्याच रात्री गेले. घाटकोपरला, की कांदिवलीला कुठे, दुसऱ्या हॉलमध्ये बसतात असं ऐकलं. इमारतीतले काही लोक अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या मते मी कौल बाटवला.

हॉलमध्येच राहिलेला किडा मी कंपाउंडमधल्या झुडपात सोडला. डिसेंबरच्या एका संध्याकाळी जान्हवी आणि काकी खाली फेऱ्या मारत होत्या. काकी थांबल्या, कान दिला आणि मला म्हणाल्या, "आज सावकाश वराडता मा? थंडी पडली." मग जान्हवीच्या गळ्याभोवती शाल नीट केली.

रातकिड्याला जेवढं कळतं तेवढं तो रोज फुकट सांगतो. ते ऐकावं, मोजावं, मुलांना मोजायला शिकवावं. पण घरात कुणाला ताप आला तर थर्मामीटर लावा, रक्त तपासा, डॉक्टरकडे जा. आणि कुणी म्हणालं, सुई टोचली की देव हात काढून घेतो, तर त्याच्या कलशाचं झाकण आधी उघडून बघा.