उजैरचा सुरमा

अमरावतीच्या त्या थंडगार हॉलात महेजबीनच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि टाळ्या वाजल्या. बालआरोग्याच्या परिषदेत संशोधनाला साथ देणाऱ्या आयांचा सत्कार होता. अचलपुरातल्या उर्दू शाळेची ही मास्तरीण जागेवर येऊन बसली तेव्हा तिला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. नातवाचं रक्त काढू देऊ नको म्हणून सासूनं घर डोक्यावर घेतलं होतं. ही मात्र डॉक्टरांच्या बाजूनं उभी राहिली होती.

मग डॉक्टर शुभंकर बोलायला उठले. पडद्यावर एका बाळाचा फोटो आला, ओळखू येऊ नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेला. पण पोटचं पोर आईला ओळखू येणार नाही होय? हनुवटीवरचा तीळ उजैरचा होता आणि अंगातलं झबलं तिनंच शिवलेलं. डॉक्टर इंग्रजीत सांगत होते, की तपासलेल्या सगळ्या मुलांत याच्या रक्तात शिसं सर्वांत जास्त निघालं, घरात रोज डोळ्यांत शिसं असलेला सुरमा लावतात, आणि शिशानं मेंदूची वाढ खुंटते. सांगताना चेहरा असा खुललेला, जणू घरातल्या मुलाचा पहिला नंबर आला. समोर बसलेल्या आईला इंग्रजी कळतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

चहाच्या वेळी तिनं त्यांना गाठलं.

"डॉक्टरसाहेब, हे तुमाले कधी समजलं?"

"दिवाळीच्या आसपास," बिस्किट चहात बुडवत ते म्हणाले. आता होळी होऊन गेली होती.

"मंग आमाले काहून नाही सांगतलं?"

"ताई, सांगितलं असतं तर तुम्ही सुरमा बंद केला असता. दुसऱ्या तपासणीला मग काही अर्थच राहिला नसता. घरात काही बदलायचं नाही, हा नियमच होता ना? आता पुढच्या आठवड्यात रक्त घेतलं की सगळ्यांना सांगणारच आहोत." आणि मऊ झालेलं बिस्किट त्यांनी अलगद तोंडात सोडलं.

महेजबीनला किळस आली. त्या चघळणाऱ्या तोंडाची, मिशीला लागलेल्या चहाची, आणि त्याहून जास्त स्वतःच्या अंगावरच्या शालीची. लेकराच्या डोक्यात विष जात होतं आणि हा शहाणा माणूस किती जातं ते बघत बसला होता. तिनं शाल ओढून काढली, खुर्चीवर फेकली आणि बाहेर येऊन घरी फोन लावला.

"अम्मी, उजैरले सुरमा नका लावू. आजपासून बिलकुल नका लावू."

"काहून?" सासू, आयशाबी, गोंधळली. "मी तं बंदच केला होता ना बेटा, सुरमा वाईट असते असं तू कुठं तरी वाचून आली होती तवा. मंग तूच म्हणे, डॉक्टरचा हुकूम हाये, आधी जसं करत होत्या तसंच करा. म्हणून मी रोज याद करून लावून राहिली." फोनमध्ये उजैर खिदळत होता. "आत्ताच लावला. डोळे कसे गुणानं उघडे ठेवते पोट्टा."