इस्त्रीखालचा खडा

शिवणकारखान्याच्या तळघरात त्या दिवशी भरदुपारी एकही मशीन चालू नव्हतं. कापडं कापायच्या टेबलाभोवती चाळीस कारागीर, आणि मधोमध बटणांच्या बरण्या. बरण्यांत बटणं नव्हती. वाटाण्याएवढे हिरवे खडे होते. काजं करणाऱ्याकडे बावीस, कापणाऱ्या मास्तरांकडे एकतीस. बटणं लावावीत तसे आकारानुसार मांडलेले! कुठून निघाले ते विचारू नका. एवढंच सांगते, यांच्या घरच्या चाळण्या आता स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत.

"ही तुमच्या लिव्हरची चरबी!" तेलबाबा गरजला. हे नाव मी ठेवलेलं. बाकीचे त्याला गुरुजी म्हणत. "यकृत म्हणजे देहाचा सूर्य. चरबीचं ग्रहण सुटलं, की ड जीवनसत्त्व आतच उगवतं! मग कसल्या गोळ्या नि कसलं ऊन!"

माना डोलत होत्या. त्यांत माझ्या दादाचीही होती. तीस वर्षं तो या बिनखिडकीच्या तळघरात शिवतोय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं : लिव्हरवर चरबी आहे, साखर वाढलीय, ड जीवनसत्त्व कमी आहे, औषधं घ्या, रोज चाला, गोड सोडा. तेलबाबा म्हणाला, पेलाभर तेल प्या आणि गोळ्या फेका. दादाने फेकल्या. दोन महिन्यांत त्याला सुईचं नेढं दिसेनासं झालं, तर हा म्हणे, विष डोळ्यांवाटे बाहेर पडतंय!

मी लॅबमध्ये रक्त तपासते. वहिनीने हट्टाने दादाचं रक्त पाठवलं होतं. साखर चारशे बारा. तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चल."

"अगं, सत्तावीस खडे पडलेत माझे! दिसत नाहीत का तुला?"

"दिसतात ना. आणि हे माझे." मी पर्समधून बरणी काढली. "चोवीस."

तेलबाबा खुलला. "बघा! ताईंचंही लिव्हर..."

"माझ्या लिव्हरवर चरबी नाही. ही गेल्या आठवड्यातली सोनोग्राफी. तुमचंच तेल, लिंबाचा रस आणि जुलाबाचं मीठ मी परवा प्यायले. चरबीच नाही, तर खडे कशाचे?"

"सूक्ष्म चरबी यंत्राला दिसत नाही, ताई."

"सूक्ष्म? वाटाण्याएवढी?"

कुणीतरी फिसकन हसलं. मी दादाच्या बरणीतला खडा पांढऱ्या चिंधीत गुंडाळला आणि वर गरम इस्त्री दाबली. खडा वितळला. चिंधी दादासमोर धरली.

शिवलेल्या कपड्यांवरचे मशीनच्या तेलाचे डाग काढण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने चिंधी दोन बोटांत चोळली आणि त्याचा चेहरा उतरला.

"तेल आहे," तो हळूच म्हणाला. "प्यायलो तेच."

"तेच. पोटात त्याचे साबणासारखे गोळे होतात आणि पित्ताने हिरवे दिसतात. लिव्हरची चरबी अशी गोळे होऊन पडत नसते, दादा."

"जिथे श्रद्धा नाही..." म्हणत तेलबाबाने तेलाचा डबा उचलला.

"डबा ठेव! आता कुणाला पाजायचं नाही!" दादा ओरडला. "माझे डोळे जात होते रे!"

दादाची औषधं सुरू झाली. तो दुपारी उन्हात चालायला जातो. महिनाभराने त्याने पहिल्या फटक्यात सुई ओवली, तेव्हा वहिनी रडली. मला मात्र अजून राग येतो. त्या लबाडाचा, आणि बरण्या मिरवणाऱ्या चाळीस शहाण्यांचाही. एक साधा प्रश्न कुणालाच सुचू नये? तुम्ही तरी विचारा : ज्याला रोगच नाही, त्याला हे पाजलं तर काय होईल?