उजव्या कुशीखालची उशी

मी उशी आहे, पण डोक्याखालची नव्हे. मोरावा नदीकाठच्या एका लहान इस्पितळात, सिझेरियनच्या टेबलावर, बाईच्या उजव्या कुशीखाली माझी जागा. आकार पाचरीसारखा. शिंपिणीनं मला शिवलं तेव्हा ती म्हणाली, "हिच्यावर कुणाला झोप लागायची नाही." तिला आमचे सर्जन स्तोयादिन ठाऊक नव्हते. कॉफी झाली की मला कमरेमागे घेऊन ते खुशाल घोरतात.

त्या सकाळीही मी कॉफीच्या खोलीतच राहिले. भिंत पातळ, पलीकडच्या ऑपरेशनच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं; न दिसलेलं नंतर कानावर आलं.

भूल देणाऱ्या विदोसावा डॉक्टरबाईंनी सिझेरियनसाठी आलेल्या यागोदाला विचारलं, "उंची किती गं?"

"एकशे पासष्ट."

"उंच टाचांसकट?"

यागोदाचा नवरा व्लास्तिमिर उशाशीच उभा होता.

"हे बघ पोरी, पाठीत औषध किती घालायचं ते उंचीवरूनही ठरतं. बुटक्या बाईला जास्त झालं तर बधिरपणा छातीपर्यंत चढतो, श्वास जड होतो."

"मग एकशे एक्कावन्न," ती पुटपुटली. "पण यांना सांगू नका."

"यांना लग्नापासून माहीत आहे," व्लास्तिमिर म्हणाला. "घरातली वरची फळी कोण पुसतं?"

औषध बेतानं पडलं. यागोदाचे पाय आधी गरम झाले, मग जणू नव्हतेच. पण तिला उताणं निजवल्यावर पोटाचा भार आतल्या मोठ्या रक्तवाहिनीवर आला आणि रक्तदाब घसरला.

"डॉक्टरबाई, मळमळतंय. मी चालले का?"

"कुठं जातेस? पाय बधिर आहेत तुझे," विदोसावा म्हणाल्या. त्यांनी शिरेतून औषध सोडलं, दुसऱ्या हातानं पोट डावीकडे रेटून धरलं. "उशी कुठाय?"

हात धूत असलेल्या स्तोयादिननी मान खाली घातली.

नर्स मिलुंका कॉफीच्या खोलीत धावत आली. तिनं मला खसाखसा पुसलं आणि यागोदाच्या कुशीखाली सारलं. तिचं पोट डावीकडे कललं आणि सगळा भार माझ्यावर आला. यंत्रावरचा आकडा हळूहळू चढला, तिच्या ओठांवर रंग परतला. व्लास्तिमिर मात्र अजून पांढराच होता. त्याला स्टुलावर बसवावं लागलं.

थोड्या वेळानं मुलगी झाली, रडून घर डोक्यावर घेणारी. मिलुंकानं तिला टेपनं मोजलं. "पन्नास सेंटिमीटर."

"बावन्न लिहा," यागोदा म्हणाली.

आता माझं रेक्झिन तडकलंय, कोपऱ्यांना चिकटपट्ट्या आहेत. तरी रोज कुणीतरी माझ्यावर कलतं. बायांनो, आत येताना चपला आणि मोठेपणा, दोन्ही दाराबाहेर काढून या. उरलेला भार मी घेईन.