चिंचेनं धुतलेले रुपये

बाजारात न्यायचं जनावर धुऊन, शिंगं रंगवून न्यावं, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. १९९४ साली माझ्या आईनं आज्याचे राणीछाप रुपयेही त्याच हिशेबानं घासायला घेतले. आज्यानं मेंढरं विकून हे बारा रुपये गाडग्यात ठेवले होते. पार काळे पडलेले. माझा नर्सिंगला नंबर लागला होता आणि फी भरायला आठच दिवस उरले होते. रुपये विकायचे आणि मला पाठवायचं, एवढाच बेत.

चिंच आणि राख लावून चार रुपये लखलखीत झाले. ते नमुन्याला घेऊन बाबा आणि मी लासुर्ण्याहून भवानीनगरला गेलो, बाबांच्या ओळखीच्या नीळकंठकाकांकडे. ते तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट, नाणी जमवायचा नाद आणि स्वभाव असा तापट की शेजारीपाजारी जपून बोलायचे.

काकांनी रुपया भिंगाखाली धरला आणि ओरडलेच, "हे कुणी घासलं?"

"आमच्या मंडळीनं," बाबा कौतुकानं म्हणाले. "कसं झ्याक निघाल्यात!"

"बिरूराव, वाट लावलीत! तो काळा थर म्हणजे नाण्याचं वय. घासलं की ओरखडे पडतात, नक्षी झिजते. असल्याला जाणकार हात लावत नाहीत. नुसती चांदीची किंमत येईल. बाकीचे कुठं आहेत?"

"घरी. ती घासतीया."

काकांनी तडक स्कूटरला किक मारली. आम्ही तिघं त्या एका स्कूटरवर लासुर्ण्यापर्यंत कसे आलो ते देवाला ठाऊक.

आई अंगणात परात घेऊन बसली होती. "वहिनी, हात थांबवा!" काका फाटकातूनच ओरडले. तिच्या हातातला रुपया परातीत पडला. एरवी चार भांड्यांना तास लावणारी माझी आई, त्या दिवशी नेमकी चपळ! तीनच काळे उरले होते.

त्यातला शेवटचा रुपया काका कितीतरी वेळ बघत राहिले. "या सालाचा रुपया मी वीस वर्षं शोधतोय," ते हळू आवाजात म्हणाले.

"मंग तुमीच ठिवा की, सायेब," आई म्हणाली. "पोरीच्या फीपुरतं द्या, लई झालं."

काकांनी रुपया मुठीत मिटला. पुन्हा मूठ उघडून पाहिला. मग कागदात गुंडाळून बाबांच्या हातात ठेवला.

"याची खरी किंमत मला परवडायची नाही. आणि कमी देऊन मी घ्यायचा नाही. पुण्यात जुनी नाणी घेणारा एक जण आहे. उद्या रजा टाकतो, तुमच्याबरोबर येतो."

आले. तिथं आमच्यासाठी भावावरून तासभर भांडले. माझ्या तिन्ही वर्षांची फी निघाली. काकांचे उपकार आठवले की अजून डोळे भरून येतात.

परतीच्या एस्टीत काका पुढच्या सीटवर डुलक्या काढत होते. मी हळूच बाबांना म्हटलं, "काका गप्प बसले असते, तर रुपया त्यांचाच होता."

"व्हय," बाबा म्हणाले. "आन् आपल्याला कदी कळलंबी नसतं."