नव्व्याण्णव फूट

पत्र सरकारी होतं, म्हणून मंगलाबाईनं राखेचे हात धुतले, पदराला पुसले आणि मग ते उघडलं. सन १९६१च्या सप्टेंबर महिन्यात तेरा दिवस तापी नदी पूर्ण कोरडी असल्याचे दिसून येते, तरी सत्वर खुलासा करावा, असं त्यात लिहिलेलं होतं.

तिनं पत्र दोनदा वाचलं. भर भादव्यात तापी कोरडी! हसू यायला हवं होतं. आलं नाही. गेली सहा वर्षं तिला फारसं काही येतच नव्हतं, हसूही नाही आणि दुसरंही नाही. पत्र घडी करून तिनं डाळीच्या डब्याखाली ठेवलं आणि भाकरी थापायला बसली.

महादेवाच्या देवळाखाली, गावाच्या पायऱ्यांशी नदीत खांब रोवलेले होते. त्यांच्यावर शून्यापासून चाळीस फुटांपर्यंत आकडे रंगवलेले. रोज सकाळी आठला पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं, वहीत मांडायचं आणि महिना संपला की पान धुळ्याला पाटबंधारे खात्याकडे पाठवायचं. हे काम तिच्या नवऱ्याचं, गिरधरचं. एकसष्टच्या भादव्यात तो तापानं पाच दिवसांत गेला; आदल्या सकाळीही पाणी बघून आला होता. मंगलाबाईला रीतीप्रमाणे कोपऱ्यात बसवलं. सव्वा महिना बसायचं, उंबरा ओलांडायचा नाही. चौदाव्या दिवशी ती उठली आणि वही काखेत मारून नदीवर गेली. गावानं तोंडात बोट घातलं. मोठी जाऊ जसोदाबाई तर अजूनही घालते.

मधल्या तेरा दिवसांच्या तारखा तिनं वहीत मांडल्या आणि पुढे काहीच लिहिलं नाही. तिनं पाणी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून काम तिच्याकडेच आलं. सकाळचे आठ वाजले की पाय आपोआप नदीकडे वळत. बाकीचा दिवस त्या एका खुंटीला टांगलेला होता. खुंटी निघाली तर त्याचं काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांनी खात्याचा हिंमतराव आला. पोरगा शहाद्याकडचा, मुंबईला आकडेमोडीचं मशीन शिकून आलेला. ओट्यावर बसून त्यानं पिशवीतून जाड कागदाची एक लांबट पट्टी काढली. तिला बारीक चौकोनी भोकं पडलेली.

"हाई काय?" जसोदाबाईनं ती उजेडात धरली. "कीड लागनी का याले?"

"कीड नही काकी, मशीननं पाडेल भोकं शेत. तुमची तापी शे ती."

"इतलीशी?" जसोदाबाईनं पट्टी परत दिली. "मंग लई आटनी."

हिंमतराव हसला आणि मंगलाबाईकडे वळला. "तुमच्या वहीतला एकेक आकडा आम्ही असा भोकांनी लिहितो. मशीननं त्याचं काय करायचं, हे सांगायला एक भाषा आहे. ती एका कंपनीनं आपल्या मशीनसाठी काढली. मग दुसऱ्या कंपन्या म्हणाल्या, आमच्याही मशीनवर तीच चालेल. नाव तेच, पण प्रत्येकीनं आपापल्या घरी थोडी फिरवली."

"आमनी लोनच्यागत," जसोदाबाई म्हणाली. "नाव कैरीनं, चव घरघरनी येगळी."

"तसंच. काही लिहिलेलं नसलं की आधीचं मशीन समजायचं, इथं माहिती नाही, आणि सोडून द्यायचं. आता आम्हाला मुंबईत दुसऱ्या कंपनीचं मशीन मिळालं. ते कोऱ्या जागेला शून्य समजतं. म्हणून तुमची नदी कोरडी झाली."

मंगलाबाई ऐकत होती. ज्या तेरा दिवसांत तिला काही दिसलं नव्हतं, ते मुंबईत कुणीतरी शून्य करून टाकले होते. राग यावा अशी गोष्ट होती. ती आत जाऊन चहा ठेवून आली.

"मग दुसऱ्या कंपन्यांनी हे करावंच कशाला?" तिनं विचारलं.

"आमच्या ऑफिसात रोज हेच भांडण! मोठे साहेब म्हणतात, जिची भाषा तिनंच करावी, बाकीच्यांनी हात लावू नये. मी म्हणतो, मग जन्मभर त्या एकीच्याच दारात उभं राहायचं का? ती म्हणेल ते मशीन, ती म्हणेल तेव्हा. साहेब म्हणतात, बघ, तुझ्या हट्टानं तापी आटली."

"आणि तुला काय वाटतं?"

"आता मलाच कळत नाही, काकी."

मंगलाबाईनं बशीत चहा ओतून त्याच्यापुढे सरकवला. "वरच्या गावचे खांब वेगळ्या माणसानं रंगवलेत. रंग वेगळा, अक्षर वेगळं. त्यानं काही अडत नाही. पण पहिल्या वर्षी त्याचं शून्य आपल्या शून्याहून दीड फूट खाली होतं. त्याचा पूर नि आपला पूर जुळेना. तेव्हा हे..." ती थांबली. गिरधरला ती 'हे' म्हणायची. "हे तिकडे चालत गेले, त्या माणसाला घेऊन बसले आणि शून्य ठरवून आले. खांब कुणीही रंगवावेत. शून्य कुठं आणि कोरं कशाला म्हणायचं, तेवढं सगळ्यांनी बसून ठरवावं."

"ते बसतील तेव्हा बसतील." हिंमतरावनं मान खाली घातली. "खुलासा महिनाअखेर हवा. नाहीतर इथले सगळे आकडे बाद करून खांब उपटायचे, असं साहेबांनी लिहिलंय. तुम्ही अंदाजानं तेरा आकडे भरून द्या. वरच्या गावचे आणलेत मी, त्यावरून."

"भरी टाक ना माय," जसोदाबाई म्हणाली. "कोन देखाले येस? तवय पानी महादेवनी तिसरी पायरीले लागेल व्हतं. मी सांगस ना."

"तुम्ही बघितलं असेल, बाई. मी नाही बघितलं."

"कोपऱ्यात बसनी व्हती तू!"

"म्हणून तर."

हिंमतरावचा चहा बशीत निवला, वर साय धरली.

मग मंगलाबाईनं विचारलं, "दोन्ही कंपन्यांना सारखाच समजेल असा एखादा आकडा नाही का? बघितलं नाही, एवढंच सांगणारा?"

हिंमतराव पट्टीकडे बघत राहिला. "आकडा तर सगळ्यांना सारखाच समजतो," तो हळूहळू म्हणाला. "नदी कधीच गाठणार नाही असा एखादा घ्यायचा, आणि दोन्ही मशीनांना बजावून ठेवायचं, हा दिसला की सोडून दे. खांब किती उंच आहेत तुमचे?"

"चाळीस."

"जागा दोन आकड्यांचीच आहे. मग नव्व्याण्णव."

मंगलाबाईनं जुनी वही आणली. गिरधरचं तिरपं अक्षर एका तारखेला संपत होतं. त्याखाली तिचं. तिनं दौत उघडली आणि पहिल्या कोऱ्या तारखेपुढे लिहिलं, ९९. मग दुसऱ्या तारखेपुढे. जसोदाबाई खांद्यावरून बघत होती.

"नव्व्यान्नव फूट!" ती म्हणाली. "माय वो, नव्व्यान्नव फुटले महादेवना कळसबी ऱ्हाये ना. घर नही, निंब नही, काहीच नही. आख्खं गाव बुडी जाई."

"हो," मंगलाबाई म्हणाली.

सातव्या तारखेला टाक कोरडा पडला. तिनं तो पुन्हा दौतीत बुडवला. आठव्या नव्व्याण्णववर शाईचा ठिपका पडला आणि त्यात दुसरंही काहीतरी पडलं, शाई फुटून पसरली.

"वाचता येईल ना?" तिनं हिंमतरावला विचारलं.

"येईल," तो म्हणाला.

तिनं उरलेले पाच लिहिले.