पोलीस दारात आला तेव्हा

महेश्वरीचं चुकलं एवढंच, की पासपोर्टसाठी पोलीस घरी चौकशीला येतात हे तिनं आईला सांगितलं नाही. सांगणार तरी कशी? तिलाच कुठं ठाऊक होतं! कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीतून आजवर परदेशी गेलं होतं कोण?

आणि ही निघाली होती आयर्लंडला, कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करायला. गरीब घरच्या पोरांना बाहेर शिकायला पाठवणाऱ्या एका संस्थेनं तिला निवडलं होतं. फी, विमान, राहणं-खाणं, सगळं त्यांचं. अट एकच, महिनाअखेर पासपोर्ट हातात हवा. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

पोलीस आला तेव्हा महेश्वरी शहरात, नवी पेठेतल्या कापडदुकानात साड्यांच्या घड्या घालत होती. फोन मालकाच्या ड्रॉवरमध्ये. इकडं गल्लीत खाकी दिसली आणि विड्या वळणारे हात जागच्या जागी थांबले. "महेश्वरी कुठं राहते?" त्यानं विचारलं. झालं! तरण्याताठ्या पोरीची चौकशी पोलिसानं करावी, म्हणजे काय समजायचं माणसानं? शेजारची चन्नम्मा छातीठोकपणे म्हणाली, "हितं न्हाय अशी कोन." समोरच्या बनाबाईनंही मान हलवली. आणि ईरम्मानं, सख्ख्या आईनं, हात जोडले. "न्हाय साहेब. या नावाची पोरगी हितं ऱ्हातच न्हाय." तो बिचारा तसंच लिहून घेऊन गेला.

संध्याकाळी ईरम्मा मोठ्या ऐटीत म्हणाली, "आज तुला वाचिवलं बग आमी!"

सगळं ऐकून महेश्वरीच्या ध्यानात आलं, तो पासपोर्टच्या चौकशीलाच आला होता. "अव्वा, अगं काय केलंस हे! काय करून बसलीस!"

मग सुरू झाली वणवण. पोलीस ठाणं, पासपोर्टची कचेरी, पुन्हा ठाणं. 'पत्त्यावर राहत नाही' हा शेरा काही केल्या निघेना. "फेरचौकशी होईल, थांबा." थांबा म्हणे! तिनं रडून पाहिलं, पाया पडून पाहिलं. संस्थेच्या इंद्रायणी मॅडमनी वरच्यांशी भांडून आठवडाभर मुदत वाढवून घेतली. तीही सरली. ईरम्माच्या घशाखाली घास उतरेना. पोर घरात आली की ती भिंतीकडं तोंड करून बसायची.

शेवटी एका दुपारी तोच पोलीस आला. अख्खी गल्ली धावली. "हितंच ऱ्हाती, साहेब! हितंच जल्मली!" चन्नम्मा ओरडत होती. बनाबाई शपथा घेत होती. ईरम्मानं लेकीचं मनगट घट्ट धरून तिला पुढं ओढलं. "ही माझी हाय. माझ्या पोटची हाय." पोलीस हसला आणि सह्या घेऊन गेला.

इंद्रायणी मॅडमचा निरोप सकाळीच आला होता. जागा दुसऱ्या मुलीला दिली होती. महेश्वरीनं तो कुणालाच दाखवला नव्हता.

ईरम्मानं किती दिवसांनी ताट पुढं ओढलं. "आता जाशील न्हवं गं?"

"व्हय अव्वा, जाईन की," महेश्वरी म्हणाली. "तू जेव आदी."

आणि ईरम्मा पोटभर जेवली.