दोन्ही बाजू सारख्या

पँटचा एक पाय अर्धं बोट लांब राहिला, तर कच्चा शिंपी तो कापतो. मग दुसरा लांब वाटतो, म्हणून त्याच्यावर कात्री. शेवटी गिऱ्हाइकाच्या हातात हाफपँट. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या कपड्यावर मी ही चूक कधी केली नाही. केली ती घरच्या पोपटावर.

पोपट माझ्या लेकीचा. नाव कारभारी, कारण दुकानात त्याला विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. एकदा तो उडून समोरच्या छपरावर जाऊन बसला. लेक अर्धा दिवस शिडीवर उभी राहून, रडत त्याला हाका मारत होती. संध्याकाळी आला एकदाचा. पण माझं डोकं सणकलं होतं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी त्याच्या उजव्या पंखाची पिसं छाटली. सोडला, तर गिरकी घेत खाली. म्हटलं, डावा थोडा कापू. तो जास्त कापला गेला. मग पुन्हा उजवा. असं करता करता दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या आणि पंखांच्या नावाला नुसते खुंट उरले.

लेकीनं पाहिलं आणि जमिनीवरची पिसं एकेक करून वेचली. तिला परगावी नोकरी चालून आली होती. मीच मोडता घालत होतो. त्याच आठवड्यात तिनं बॅग भरली. दारात म्हणाली, "तो उडाला की कळवा. तेव्हा येईन."

हट्टाला आम्ही एकाच माळेचे मणी. मी म्हणालो, "बरं."

मग मी दर सोमवारी टेप घेऊन पिसं मोजायला लागलो. चार महिन्यांत सुताभराचा फरक नाही. पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेला, तर तो हसला. "अहो मास्तर, ही काय नखं आहेत वाढायला? कापलेलं पीस गळेल, मग तिथं नवं येईल. धीर धरा."

रविवारी लेकीचा फोन यायचा. "उडाला का?" "नाही अजून." "बरं." संपलं. एवढ्या एका प्रश्नासाठी मी सकाळपासून फोनजवळ बसून असायचो. उडाला म्हणून थाप मारावी, असं किती वेळा मनात आलं. पण ती धावत आली असती, आणि तिला तोंड कुठल्या तोंडानं दाखवणार होतो?

वर्षभरानं पिसं आली, हिरवीगार, पुरती. पण कारभारी उडेना. कापडाच्या टेबलावरून पेन्शनरासारखा चालत फिरायचा. मी स्टुलावर मिरची ठेवून स्टूल रोज वीतभर लांब सरकवू लागलो. आधी उडी मारायचा, मग पंख फडफडवायचा. गिऱ्हाइकं हसायची, शिवण खोळंबायची. खोळंबू दे म्हटलं.

परवा इस्त्रीच्या वाफेनं जीव घाबरा झाला, म्हणून मी खिडकी उघडली. कारभारी टेबलावरून उठला, हँगरच्या दांडीवर टेकला, दुकानाला एक फेरी मारली आणि सरळ बाहेर. माझ्या तोंडून आधी "वा रे पठ्ठ्या!" निघालं. मग खिडकीशी धावलो. दोन दिवस गल्लीतल्या प्रत्येक छपराखाली उभा राहून हाका मारल्या. आला नाही.

आज मीच फोन लावला. "उडाला."

"खरंच, बाबा?" किती दिवसांनी तिनं बाबा म्हटलं. "द्या ना त्याला फोन!"

"गेला ग. खिडकीतून. पण सरळ गेला, एकदाही कलला नाही."

तिनं विचारलं, "मग आता मी येऊन कुणाला बघू?"

ठरलं होतं ना, उडाला की येईन म्हणून, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"मला," मी म्हणालो. "मला बघायला ये. करमत नाही ग मला."

तिनं फोन ठेवला नाही. मीही तसाच कानाशी धरून बसलो आहे.